एकट्या पडलेल्या ‘एस’ची गोष्ट

बेळगावात कुठल्याबी ट्युशनमध्ये डोकवा, सिंपल प्रेझेंट चालू असलं की ‘माय ब्रदर गो टू शहापूर’ ऐकू येणार आणि पाठोपाठ ‘दे गोज’. पोरं आळशी म्हणून ओरडा खातात, पण मला विचाराल तर त्यांचं डोकं बरोबर चालूलालंय. १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूरात गेला तेव्हापासून मराठी घरातलं पोरगं कन्नडबी शिकतंय, आणि मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात, कन्नडात होगुत्ताने, होगुत्ताळे, होगुत्तारे, म्हणजे ज्याला त्याला आपापलं शेपूट हायच की. मग इंग्रजीत दे मोकळं आणि ही-शी-इटलाच एस, हे पटायचं कसं?

पूर्वी इंग्रजीतबी सगळ्यांना शेपटं होती. हजारेक वर्षांमागं तू ला एस्ट, तो ला एथ, अनेकवचनालाबी वेगळं. बोलून बोलून ती झिजली. ‘तू’ साठी त्यांच्याकडं ‘दाऊ’ होतं, ते मागं पडलं आणि सगळ्यांनाच यू, म्हणजे लहान पोरालाबी तुम्ही! दाऊ गेला, त्याचं एस्टबी गेलं.

राहिलेला एससुद्धा मूळचा लंडनचा न्हाईच. तो इंग्लंडच्या उत्तरेकडचा, तिथल्या नॉर्थंब्रिया भागाच्या दहाव्या शतकातल्या लिखाणात सापडतो, दक्षिणेत तेव्हा एथ चालायचं. मग तो खाली सरकत सरकत लंडनला पोचला, लोक बोलताना एस लावत होते तरी १६११ च्या बायबलात एथच छापलंय, आणि शेवटी गावंढळ एसच जिंकला. आपलं बेळगावी ‘करूलालोय’ (म्हणजे ‘करतोय’) उद्या पुण्याच्या व्याकरणात छापून यावं तसंच हे.

‘डू’ पण नंतरचं. आधी प्रश्न विचारताना सरळ ‘नो यू?’ (know you, म्हणजे ‘तुला म्हाईत हाय का?’) म्हणायचे, सोळाव्या शतकात डू बोकाळलं आणि एस उडी मारून त्याच्यावर जाऊन बसला, डज झालं. म्हणून ‘डज ही गोज’ मध्ये एस दोनदा होतो.

खरी गंमत आयएनजीची. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट पुस्तक वाचत असतो तेव्हा त्याला ‘व्हॉट डू यू रीड’ असंच विचारलंय, आज ‘व्हॉट आर यू रीडिंग’ म्हणावं लागेल. आयएनजी वाढत गेलं तसं चालू काम त्याच्याकडं गेलं, सिंपल प्रेझेंटकडं मुख्यतः रोजचं आणि कायमचं उरलं. आमच्याकडं हा फरक घरातच तयार हाय, ‘रोज काय करतोस’ ला सिंपल, ‘आत्ता काय करूलालास’ ला आयएनजी, पुस्तकातल्या साधा-अपूर्णपेक्षा पोरांना हे चटकन कळतं. अडतं ते उद्यावर. मराठीत ‘उद्या येतो की’ चालतं, कन्नडातलं बरुत्तेनेबी येतो आणि येईन दोन्हीला चालतं, म्हणून क्लास सुटताना पोरगं सायकलवर बसून आरामात म्हणतं, ‘सर, आय कम टुमारो.’