नाक-घशासाठी ‘मोठा’ स्कॅन कोणता? सीटी आणि एमआरआय

‘सीटी झाला, आता मोठा स्कॅन सांगितलाय.’ कान-नाक-घशाच्या ओपीडीबाहेर हे वाक्य हमखास कानावर पडतं. मोठा म्हणजे एमआरआय. दोन्हीकडे गोल तोंडाचं यंत्र, सरकणारी खाट आणि शेवटी हातात काळी फिल्म. त्यात एमआरआयला पैसे जास्त, वेळ जास्त. मग तोच वरचढ, असं लोक धरून चालतात. नाकाच्या बाबतीत तरी हे डोक्यातून काढून टाका.

सीटी क्ष-किरणांवर चालतो. किरण जिथे अडतात तो भाग पांढरा, जिथून सहज पार होतात तो काळा. या छटांना आकडेही आहेत: पाणी ०, हवा उणे १०००. सायनस म्हणजे पातळ हाडांच्या भिंती आणि आत हवा, म्हणून इथे सीटीला तोड नाही. डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड इतकं पातळ असतं, की त्याच्या लॅटिन नावातच ‘कागदासारखं’ असा शब्द आहे. दुर्बिणीने सायनसचं ऑपरेशन करणारा सर्जन आधी सीटीत हे हाड सलग आहे ना, हे बघतो. नाकाचं छत म्हणजे मेंदूची तळजमीन. तिथली वासाच्या नसांची खाच काहींमध्ये १ ते ३ मिलिमीटर खोल असते, तर काहींमध्ये ८ मिलिमीटरच्याही पुढे जाते. जितकी खोल, तितका ऑपरेशनमध्ये धोका जास्त. एमआरआयमध्ये हाडाची ही पातळ भिंतही काळी आणि शेजारची हवाही काळी. भिंत कुठे संपली ते कळणार कसं?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या मदतीने शरीरातल्या, मुख्यतः पाण्यातल्या, हायड्रोजनकडून संदेश मिळवला जातो. त्यामुळे मऊ भागांतले फरक त्यात उठून दिसतात. समजा, नाकात गाठ आहे आणि तिच्यामागे सायनस भरलाय. सीटीत गाठ आणि साचलेला चिकट द्राव दोन्ही बहुधा सारखेच करडे. एमआरआयच्या टी-टू चित्रांत, म्हणजे पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रांत, द्राव सहसा लख्ख पांढरा आणि गाठ मध्यम छटेची, म्हणजे गाठ खरंच किती मोठी ते समजतं.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण वाढले, तेव्हा हा फरक जिवाशी आला. सुरुवातीला सीटीत कधी कधी एका बाजूची थोडी सूजच दिसते, हाड शाबूत असतं. पण ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते. एमआरआयमध्ये शिरेतून चित्र उजळवणारं औषध दिलं की जिवंत अस्तर उजळतं आणि मेलेला तुकडा तसाच काळा राहतो. आजार डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे सरकलाय का, हेही त्यातच लवकर कळतं.

घशाकडे आलं की वेळ महत्त्वाचा. सीटीचं चित्र काही सेकंदांत निघतं, एमआरआयला अर्धा तास सहज लागतो. तेवढ्यात माणूस आवंढा गिळतो आणि स्वरयंत्राचं चित्र हलतं. तंबाखू-गुटख्यामुळे गालाच्या आतून होणाऱ्या कॅन्सरसाठी तर सीटीत एक साधी, मला फार आवडणारी युक्ती वापरतात: ओठ मिटून गाल फुगवून धरायचे. मधे हवा आली की चिकटलेले गाल आणि हिरडी सुटे होतात आणि गाठ नेमकी कशावर आहे ते दिसतं. एमआरआयमध्ये इतका वेळ गाल कोण फुगवून धरेल? जिभेच्या गाठीसाठी मात्र एमआरआयच बरा. ती स्नायूत किती खोल गेली ते त्यात नीट कळतं. सीटीत दातांतल्या धातूमुळे नेमके तिथेच पट्टे उमटतात.

आता एक चकवा. सायनसमध्ये बुरशीचा जुना, वाळलेला गोळा असेल तर सीटीत तो पांढरट दिसतो. टी-टू चित्रात तोच गोळा ठार काळा, अगदी हवेसारखा. नुसता एमआरआय पाहणाऱ्याला भरलेला सायनस रिकामा वाटू शकतो! म्हणून एमआरआयला जाताना आधीच्या सीटीची फिल्म आणि सीडी पिशवीत टाकाच, नुसता रिपोर्टचा कागद नको.