स्लोव्हाकियाचा महिला सांघिक टेनिसमधील इतिहास

स्लोव्हाकिया हा मध्य युरोपातील सुमारे ५४ लाख लोकवस्तीचा देश आहे. महिलांची आंतरराष्ट्रीय सांघिक टेनिस स्पर्धा १९६३ साली फेडरेशन चषक या नावाने सुरू झाली, १९९५ पासून ती फेड चषक म्हणून ओळखली गेली आणि २०२० पासून बिली जीन किंग यांच्या नावाने खेळली जाते. या स्पर्धेत स्लोव्हाकिया १९९४ पासून स्वतंत्र संघ म्हणून उतरतो. २००२ मध्ये त्याने विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये तो उपविजेता ठरला. लोकसंख्येच्या मानाने ही कामगिरी असाधारण आहे; तिच्यामागे चेकोस्लोव्हाक परंपरा जशी आहे, तसा स्पर्धेच्या रचनेचाही वाटा आहे.

चेकोस्लोव्हाकियाने १९७५, १९८३, १९८४, १९८५ आणि १९८८ असे पाच वेळा हा चषक जिंकला होता. १ जानेवारी १९९३ रोजी या देशाचे चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया असे विभाजन झाले आणि ही पाचही विजेतेपदे विक्रमांच्या नोंदीत चेक प्रजासत्ताकाच्या खात्यावर गेली. त्यामुळे स्लोव्हाक खेळाडूंचा त्यातील वाटा सहसा नजरेआड होतो. १९८८ च्या विजेत्या संघात ब्रातिस्लाव्हाची राद्का झ्रुबाकोवा होती आणि मेलबर्न येथे सोव्हिएत संघाविरुद्धच्या अंतिम लढतीत एकेरीचा सामना जिंकून संघाला एक गुण तिने मिळवून दिला होता. स्लोव्हाक भूमीत जन्मलेली सर्वांत नामवंत टेनिसपटू मार्टिना हिंगिस हिची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिचा जन्म १९८० साली कोशित्से शहरात झाला, पण लहानपणीच ती आईबरोबर स्वित्झर्लंडला गेली आणि १९९८ मध्ये त्या देशाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेली.

नव्या देशाच्या सुरुवातीच्या वर्षांत संघाची भिस्त कारिना हाबशुदोवा हिच्यावर होती. १९९६ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि पुढच्या वर्षी ती जागतिक क्रमवारीत दहाव्या स्थानापर्यंत पोहोचली. १९९८ मध्ये कारोल कुचेरा याच्या जोडीने तिने मिश्र सांघिक हॉपमन चषकही जिंकला. पुढे २००५ आणि २००९ मध्ये हाच चषक स्लोव्हाकियाकडे आला.

२००२ चे विजेतेपद मात्र या साऱ्यापेक्षा वरचढ ठरते. त्या वर्षी मार्चमध्ये पोप्राद गावात जन्मलेल्या डॅनिएला हंतुखोवा हिने इंडियन वेल्स येथील अंतिम सामन्यात हिंगिसला हरवून आपल्या कारकिर्दीतील पहिले मोठे विजेतेपद मिळवले होते. नोव्हेंबरच्या आरंभी ग्रान कानारिया बेटावर अंतिम लढत झाली, ती यजमान स्पेनविरुद्ध. स्पेनने तोवर पाच वेळा हा चषक जिंकला होता आणि त्या पाचही विजयांचा कणा असलेल्या आरांत्सा सांचेझ व कोंचिता मार्टिनेझ दोघीही संघात होत्या. पहिल्या दिवशी हंतुखोवाने मागी सेर्नाला सहज हरवले, पण यानेट हुसारोवा मार्टिनेझकडून पराभूत झाली आणि बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी मार्टिनेझने पहिला सेट टायब्रेकरमध्ये घेतला; १९ वर्षांच्या हंतुखोवाने पुढचे दोन्ही सेट ७-५, ६-४ असे ओढून आणले. त्यानंतर हुसारोवाने सांचेझविरुद्ध पहिला सेट ६-० असा जिंकला आणि दुसऱ्यातही तिला फक्त दोन गेम मिळू दिले. लढत ३-१ अशी संपली. हुसारोवाची ओळख मुख्यतः दुहेरीतील निष्णात खेळाडू अशी होती, आणि चषक निश्चित करणारा गुण तिने एकेरीत मिळवला, ही बाब या इतिहासात आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

त्या काळी एका लढतीत चार एकेरी व एक दुहेरी सामना असे. एकेरीच्या दोन भक्कम खेळाडू असल्या आणि त्यांपैकी एकीला तरी दुहेरीची उत्तम जाण असली, की छोटा देशही मोठ्या देशाला भिडू शकत असे, कारण प्रतिस्पर्ध्याकडे पहिल्या शंभरात १० जणी असल्या तरी कोर्टवर उतरणाऱ्या दोघी-तिघीच. परंतु याच रचनेची दुसरी बाजूही आहे. दोघींपैकी एक दुखावली किंवा तिचा सूर हरपला, तर मोठ्या देशाला तिसरी सापडते. छोट्या देशाला ती सापडेलच असे नाही. स्लोव्हाक संघाच्या यशापयशाचे कोडे बहुतांशी यातूनच उलगडते.

पुढची पिढी दोमिनिका सिबुल्कोवा हिची. जेमतेम १६१ सेंटिमीटर उंचीची ही खेळाडू २०१४ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत उपविजेती ठरली आणि २०१६ मध्ये तिने डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेची वर्षअखेरीची स्पर्धा जिंकली. तिच्याबरोबर हंतुखोवा आणि २०१७ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठणारी माग्दालेना रिबारिकोवा होती. नावे पाहता हा संघ २००२ च्या संघाहून सरस वाटतो, तरी चषक पुन्हा हाती आला नाही. २०११ मध्ये ब्रातिस्लाव्हातच शेजारच्या चेक संघाने त्यांना ३-२ असे हरवले आणि पुढे त्या वर्षीचे विजेतेपदही पटकावले. २०१३ मध्ये उपांत्य फेरीत मॉस्को येथे रशियाविरुद्धची लढतही ३-२ अशीच हातची गेली.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनमधील मालागा येथील अंतिम टप्प्यात स्लोव्हाकियाकडून फारशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. आता एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीनच सामने होते, म्हणजे दुहेरीचे वजन वाढले होते. मातेय लिप्ताक यांच्या मार्गदर्शनाखालील संघाने याचा पुरेपूर लाभ घेतला. अमेरिकेविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना विक्टोरिया ह्रुन्चाकोवा आणि तेरेझा मिहालिकोवा यांनी निर्णायक दुहेरी जिंकली. ऑस्ट्रेलियाला २-० असे नमवल्यावर उपांत्य फेरीत ब्रिटनविरुद्ध एमा रादुकानूने ह्रुन्चाकोवाला हरवले, तेव्हा रेबेका श्रामकोवा हिने केटी बोल्टरविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावूनही सामना खेचून आणला. एकेरीतला पराभव बाजूला सारून ह्रुन्चाकोवा त्याच दिवशी मिहालिकोवासह पुन्हा कोर्टवर आली आणि या जोडीने दुहेरी ६-२, ६-२ अशी जिंकली. २० नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत इटलीच्या लुसिया ब्रोन्झेत्ती आणि जास्मिन पाओलिनी यांनी एकेरीचे दोन्ही सामने सरळ सेटमध्ये जिंकले, त्यामुळे स्लोव्हाकियाची भरवशाची दुहेरीची जोडी त्या दिवशी खेळलीच नाही.