मॉर्मन मिशनऱ्यांचे परदेशातील दैनंदिन जीवन

मॉर्मन मिशनरी : ‘येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी’ या अमेरिकी धर्मसंस्थेच्या वतीने ठरावीक मुदतीसाठी, वेतन न घेता पूर्णवेळ धर्मप्रचार करणारे सभासद. यांत निवृत्त दांपत्येही असतात. परंतु ‘मॉर्मन मिशनरी’ म्हटल्यावर पांढरा सदरा, टाय आणि खिशावर काळी नामपट्टी अशा वेषातील, नेहमी जोडीने हिंडणारे तरुणच डोळ्यांपुढे येतात. प्रस्तुत नोंद त्यांच्यापुरती मर्यादित आहे. तरुणांची सेवा २४ महिन्यांची, तर तरुणींची १८ महिन्यांची असते. कुठे जायचे हे उमेदवार ठरवत नाही. युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथील मुख्यालयातून पत्र येईल तो देश आणि ती भाषा त्याने स्वीकारायची असते. ‘मॉर्मन’ हे मुळात बाहेरच्यांनी दिलेले नाव. ते वापरू नये, असे आवाहन संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केले. मराठी वाचकाला दुसरे नाव परिचित नसल्याने येथे तेच ठेवले आहे.

पहिला मिशनरी कोण, याविषयी एकवाक्यता नाही. जोसेफ स्मिथ (१८०५–४४) याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी स्थापन केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हा मंडळीचा धर्मग्रंथ पोतडीत घालून आसपासच्या गावांत फिरला. परंपरेने पहिलेपणाचा मान त्याला दिला जातो. मात्र हा ग्रंथ छापला जात असतानाच, म्हणजे मंडळीच्या रीतसर स्थापनेपूर्वी, त्याची छापील पाने घेऊन प्रवचने करणारे काहीजण होते. त्यांना मिशनरी म्हणायचे की नाही, हे अर्थात व्याख्येवर अवलंबून आहे. नेमणूक हा निकष धरला तर सॅम्युएलचा दावा अधिक बळकट वाटतो. परदेशातील कार्याबद्दल एवढा घोळ नाही. कॅनडाचा शेजार वगळता हे कार्य १८३७ मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथे सुरू झाले. हीबर किंबॉल आणि त्याच्या सोबत्यांनी तेथील रिबल नदीत ३० जुलै रोजी पहिले बाप्तिस्मे दिले.

वयाचा प्रश्न : आजचा मिशनरी अठरा-वीस वर्षांचा असतो, ही प्रथा मूळची नव्हे. एकोणिसाव्या शतकात हे काम बहुधा विवाहित, मुलेबाळे असलेल्या पुरुषांकडे सोपवले जाई. धर्मसभेत व्यासपीठावरून नावे पुकारली जात आणि समोर बसलेल्या माणसाला आपण आता दोन-तीन वर्षांसाठी समुद्रापार निघालो, हे तिथेच कळे. शेत आणि संसार बायकोच्या गळ्यात पडे. पुढे पत्राची पद्धत आली. पत्रावर मुख्यालयाच्या टपालपेटीचा ‘बॉक्स बी’ हा पत्ता असे. त्यामुळे ‘बॉक्स बीचे पत्र आले’ हा युटामध्ये वाक्प्रचारच होऊन बसला. प्रौढ गृहस्थांच्या जागी अविवाहित तरुण येण्याची प्रक्रिया १८९० नंतरच्या दशकांत घडली असावी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद आहे तो कारणांबाबत. एका मतानुसार युटातील पिढी स्थिरावल्यावर मिशन म्हणजे तरुणाला प्रौढ बनवणारा संस्कार ठरला. दुसरे मत व्यवहारावर बोट ठेवते : १८९० मध्ये मंडळीत रूढ असलेल्या बहुपत्नीकत्वाला जाहीर मनाई झाली, नवदीक्षितांना युटात आणून वसवण्यावरचा भर ओसरला आणि रोखीच्या अर्थव्यवस्थेत कुटुंबप्रमुखाला दोन वर्षे घराबाहेर ठेवणे परवडेनासे झाले. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संस्काराचा अर्थ प्रथा रुळल्यावर तिला चिकटलेला दिसतो. कोवळ्या वयाची उदाहरणे आधीही आढळतात. पुढे मंडळीचा अध्यक्ष झालेला जोसेफ एफ. स्मिथ १८५४ मध्ये हवाईला निघाला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पण तो अपवाद होय. १९०१ मध्ये जपानमध्ये उतरलेल्या पहिल्या चौघांतील आल्मा टेलर जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. तोवर अशी वये नवलाची राहिलेली नव्हती. (हा टेलर १९१० पर्यंत तेथेच राहिला आणि ‘मॉर्मनचा ग्रंथ’ त्याने जपानीत आणला.)

अविवाहित स्त्रियांची रीतसर नेमणूक १८९८ पासून होऊ लागली. आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोघी त्या वर्षी इंग्लंडला पोहोचल्या. किमान वय १९६० मध्ये पुरुषांसाठी वीसवरून एकोणीस झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते पुरुषांसाठी अठरा आणि स्त्रियांसाठी एकवीसवरून एकोणीस करण्यात आले. परिणाम तात्काळ दिसला. २०१२ अखेर सुमारे ५९ हजार असलेले मिशनरी २०१४ अखेर सुमारे ८५ हजारांवर गेले. कोविडच्या साथीत, २०२० अखेर, ते सुमारे ५२ हजारांपर्यंत खाली आले.

प्रशिक्षण : सुरुवातीच्या मिशनऱ्याला प्रशिक्षण असे नव्हतेच. भाषा त्या-त्या देशाच्या रस्त्यावर शिकायची. युटातील प्रोव्हो येथे १९६१ मध्ये भाषावर्ग सुरू झाले आणि त्यांतून आजचे प्रशिक्षण केंद्र वाढले. नवी भाषा शिकणारा तेथे साधारण सहा ते नऊ आठवडे काढतो. भर व्याकरणावर नसून प्रार्थना करणे, स्वतःची श्रद्धा सांगणे आणि समोरच्याला प्रश्न विचारणे यांवर असतो. त्यामुळे नवखा मिशनरी परक्या भाषेत पश्चात्तापावर बोलू शकतो. कांदे-बटाट्याचा भाव विचारताना मात्र अडखळतो. काय शिकवायचे हेही बराच काळ ठरावीक पाठांच्या रूपात होते आणि ते तोंडपाठ करावे लागत. २००४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक ग्रंथाने पाठांतर काढून स्वतःच्या शब्दांत बोलण्याची मुभा दिली.

दिनक्रम : दीर्घकाळ रूढ असलेला क्रम असा. सकाळी ६:३० ला उठणे, अर्धा तास व्यायाम, आंघोळ-न्याहारी, ८ वाजता एकट्याने ग्रंथवाचन, ९ वाजता सोबत्याबरोबर अभ्यास, भाषा नवी असेल तर तिचा वेगळा वेळ आणि १० च्या सुमारास घराबाहेर. रात्री ९ वाजता परतून उद्याची आखणी. १०:३० ला दिवे बंद. स्पेनसारख्या देशात, जिथे रात्रीचे जेवणच उशिरा होते, तिथे हे वेळापत्रक गैरसोयीचे पडे. २०१७ पासून स्थानिक प्रमुखांना त्यात फेरफार करण्याची मोकळीक मिळाली.

बाहेर पडल्यावर काय करायचे, याला मिशनऱ्यांच्या बोलीत ‘ट्रॅक्टिंग’ म्हणत : दारोदार जाऊन कडी वाजवणे. धर्मपत्रकाला ‘ट्रॅक्ट’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. बहुतेक दारे उघडत नाहीत किंवा उघडून मिटतात. एखाद्या युरोपीय शहरात आठवडेच्या आठवडे कुणी आत न बोलावणे ही सामान्य गोष्ट आहे. म्हणूनच ओळखीतून भेटी ठरवणे, फुकट इंग्रजीचे वर्ग चालवणे, सेवाकार्यात हात लावणे आणि अलीकडे समाजमाध्यमांवरून संपर्क साधणे या मार्गांनी दारोदारीची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे. कुणी ऐकायला तयार झाले, तर ओळीने पाठ, रविवारच्या उपासनेला निमंत्रण आणि मग बाप्तिस्म्याची तारीख. बाप्तिस्मा पांढऱ्या कपड्यांत, पूर्ण बुडवून दिला जातो आणि त्यासाठी वय किमान आठ वर्षांचे लागते.

मिशनरी एकटा कधीच नसतो. सोबती दृष्टीच्या आणि हाकेच्या टप्प्यात असला पाहिजे, हा नियम स्नानगृहापुरताच शिथिल होतो. जोडी वरून ठरते, आपण निवडायची नसते. दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या बदल्यांच्या यादीत ती बदलू शकते. शिष्यांना दोघादोघांनी पाठवल्याचा शुभवर्तमानातील उल्लेख हा या प्रथेचा आधार. तिचा व्यावहारिक उपयोग सुरक्षितता आणि परस्परांवर नजर असा दुहेरी आहे. मिशनऱ्यांच्या आठवणींमध्ये देशापेक्षा सोबत्यांविषयी अधिक लिहिलेले असते, हे लक्षणीय आहे. घोरणाऱ्या, अबोल किंवा अतिउत्साही माणसाबरोबर चोवीस तास काढणे हीच अनेकांच्या लेखी खरी परीक्षा. त्यांच्या बोलीत यातून एक नातेसंबंधच तयार झाला आहे. पहिला सोबती, म्हणजे शिकवणारा, हा ‘बाप’. त्याच्या हाताखाली आलेला नवखा हा त्याचा ‘मुलगा’. मुदत संपून घरी जाणे म्हणजे ‘मरणे’.

परस्परांना नावाने हाक मारत नाहीत. पुरुषाच्या आडनावाआधी ‘एल्डर’ आणि स्त्रीच्या आडनावाआधी ‘सिस्टर’ लावतात. एल्डर या पदाला मराठी बायबलमध्ये ‘वडील’ हा शब्द आहे; तेव्हा मिसरूड फुटलेल्या पोराला त्याचा बरोबरीचा सोबती दिवसभर ‘वडील’ म्हणत असतो, असे म्हणायला हरकत नाही. प्रेमसंबंध, चित्रपट आणि पोहणे वर्ज्य आहे. घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनी करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून तो आठवड्यातून एकदा करता येतो. पोशाखातही सवलती आल्या : डिसेंबर २०१८ पासून स्त्रियांना पँट चालते, तर २०२० पासून काही प्रदेशांत पुरुषांना टायशिवाय, निळ्या सदऱ्यात फिरता येते.

आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, ‘पी-डे’ म्हणजे तयारीचा. कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे, पत्रे लिहिणे आणि वेळ उरला तर फुटबॉल. संध्याकाळी सहाला पुन्हा काम सुरू.

जेवणाची सोय मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जेथे स्थानिक मंडळी मोठी आहे, तेथे रविवारच्या उपासनेनंतर एक कोष्टक फिरते आणि कुटुंबे आपापला दिवस त्यावर लिहितात. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याच्याशी हे जवळजवळ जुळते. जेथे मंडळी लहान आहे, तेथे भात, अंडी आणि शेवया यांवर दिवस निघतात. मोठी अडचण पेयांची. १८३३ च्या एका वचनानुसार मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी निषिद्ध आहेत. ज्या समाजात दारी आलेल्याला चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत, तेथे उंबरठ्यावरच नकार द्यावा लागणे प्रचारकाला परवडणारे नाही. जपानमध्ये बार्लीचा ‘मुगिचा’ हा त्यावर तोडगा आहे, कारण त्यात चहाची पाने नसतात.

खर्च मिशनरी किंवा त्याचे कुटुंब उचलते. पूर्वी ज्या देशात नेमणूक होई तेथील महागाईप्रमाणे भार पडे. टोकियोला गेलेल्याचे घर टेकीला येई आणि बोलिव्हियाला गेलेल्याचे सुटे. १९९१ पासून उत्तर अमेरिकेतील मिशनऱ्यांसाठी सरसकट एकच मासिक रक्कम ठरली. ती २०२० मध्ये ४०० वरून ५०० डॉलर झाली.

आकड्यांचा दबाव हा या जीवनातील नाजूक भाग. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील काही वर्षांत ब्रिटनमध्ये मिशनऱ्यांनी बेसबॉलचे संघ काढून मुलांना गोळा केले आणि पुष्कळांना बाप्तिस्मे दिले. आपण एका धर्मात प्रवेश करतो आहोत याची त्यांतील अनेकांना कल्पना नव्हती. पुढे यांतील बरीच नावे नोंदवहीतून काढावी लागली. ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ हा शब्दप्रयोग मॉर्मन इतिहासकार आजही स्वतःवरील टीकेसाठी वापरतात.

मुदत पुरी करून परतलेल्याला युटाच्या समाजात मान आहे. आजारपणाने किंवा मानसिक ताणाने मधूनच परतलेल्याला तो सहजी मिळत नाही. मिशनमध्ये शिकलेली भाषा अनेकांना आयुष्यभर पुरते. तैवानमध्ये मिशनरी असलेले जॉन हंट्समन पुढे (२००९–११) चीनमधील अमेरिकेचे राजदूत झाले, तर मिट रॉम्नी यांनी १९६६ पासून अडीच वर्षे फ्रान्समध्ये काढली.

भारत : मॉर्मन मिशनरी भारतात १८५१ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. सप्टेंबर १८५२ मध्ये स्कॉटिश मिशनरी ह्यू फिंडले मुंबईत उतरला. जोडीचा नियम त्याच्या बाबतीत कागदावरच राहिला. तो बराच काळ एकटा होता, नंतर भाऊ ॲलन त्याला येऊन मिळाला. मुंबईतील वृत्तपत्रे आणि इतर पंथांचे पाद्री त्याच्या विरोधात होते. पुण्यात कॅम्पच्या लष्करी अधिकाऱ्यांनीही त्याला थारा दिला नाही. तेव्हा त्याने देशी वस्तीत राहून मराठी शिकायला घेतली. मराठ्यांना उद्देशून लिहिलेली त्याची एक पुस्तिका १८५५ मध्ये मुंबईत छापली गेली. दरम्यान एप्रिल १८५३ मध्ये सॉल्ट लेकहून आणखी मिशनरी कलकत्त्यास आले, पण त्यांच्याबरोबर बहुपत्नीकत्वाच्या जाहीर समर्थनाची वार्ताही आली. थैली-झोळी न घेता, लोकांच्या दारी जेवून प्रचार करायचा ही इंग्लंडात चाललेली रीत येथे लागू पडेना. आश्रय मिळाला तो मुख्यतः युरोपीय सैनिक आणि कारकून यांच्याकडून, आणि पलटण हलली की मंडळीही हले. माधुकरीची परंपरा असलेल्या प्रदेशात भिक्षेवर राहणारा परदेशी प्रचारक उपाशी राहावा, हे चमत्कारिक वाटते. परंतु जातीच्या शिवाशिवीने फिंडलेला बहुतेक चुली बंद होत्या. १८५६ च्या सुमारास हे मिशन मिटले. पुढे जवळपास शतकभर या भागात मॉर्मन मिशनऱ्यांचा विशेष वावर दिसत नाही. बंगळूर येथे १९९३ मध्ये आणि नवी दिल्ली येथे २००७ मध्ये स्वतंत्र मिशने स्थापन झाली.