ओळ मोडली कुणी?

इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळाची गणपतीची निमंत्रणं अजूनही पाकिटातून जातात. पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांची यादी माझ्याकडे असते, एक्सेलमध्ये. गेल्या वर्षी लेबलं छापून द्यायचं भाचीनं कबूल केलं. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि यादी वाचायला तिनं स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम. मी यादी सीएसव्ही करून, म्हणजे स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल करून पाठवली. अर्ध्या तासात तिचा फोन.

"मामा, तुझ्या मंडळात 'रामबाग' नावाचे कोण सभासद आहेत? आणि 'जेल रोडजवळ' त्यांचे कोण लागतात?"

सभासद जवळजवळ तिप्पट झाले होते. शिवाय जे धड उतरले होते, त्यांचेही मोबाइल क्रमांक तिचा प्रोग्राम नाकारत होता. पडद्यावर आकडे दहाच दिसत होते, प्रोग्रामच्या मते मात्र चिन्हं अकरा होती. अकरावं चिन्ह काही केल्या दिसेना.

ते दिसणारं चिन्ह नव्हतंच. त्याचं नाव कॅरेज रिटर्न, क्रमांक १३. ते मोबाइल क्रमांकाला येऊन का चिकटलं, हे मला समजलं ते माझ्या काकांच्या टाइपरायटरमुळे. काका कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करून द्यायचे. ओळ संपत आली की यंत्रात टिंग वाजायचं आणि काका डावीकडची दांडी ओढायचे. त्या एका ओढीत दोन कामं व्हायची. आधी रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा, आणि मग कागद धरलेली ती सगळी कॅरेज उजवीकडे ढकलली जाऊन टंक पुन्हा ओळीच्या सुरुवातीशी यायचा. मथळ्याखाली रेघ मारायची असली की काका दांडीला हात न लावता कॅरेजच मागे ढकलत. कागद जागचा हलत नसे, त्यामुळे त्याच ओळीवर पुन्हा टाइप करता येई. म्हणजे मागे येणं आणि खाली जाणं या दोन निराळ्या क्रिया. आपण कागदावर लिहिताना त्या एकदम करतो, म्हणून त्या दोन आहेत हे लक्षातच येत नाही.

तारेवरून दूरच्या यंत्राला टाइप करायला लावायचं झालं तेव्हा या दोन क्रियांना दोन वेगळी चिन्हं द्यावी लागली. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की ही संकेतावली ठरली, तिच्यात खाली जाण्याचा, म्हणजे लाइन फीडचा क्रमांक १० आणि मागे येण्याचा १३. (काकांच्या टिंगलाही तिथे जागा मिळाली, क्रमांक ७.) त्याच सुमारास आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे तारेवरून चालणारं टंकयंत्र सेकंदाला दहा चिन्हं छापायचं, म्हणजे एका चिन्हाला सेकंदाचा दहावा भाग. पण ओळीच्या उजव्या टोकापासून डावीकडे परत यायला त्याला याहून जास्त वेळ लागे. १३ नंतर लगेच अक्षर आलं, तर ते वाटेतच, कागदाच्या मधोमध कुठेतरी उमटायचं. त्यावर तोड अशी की आधी १३ पाठवायचा आणि लगोलग १०. छापणारा भाग मागे धावत असतानाच कागद वर सरकतो, आणि पुढचं अक्षर येईतो दोन्ही कामं उरकलेली असतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर मागून एखादं कोरं चिन्ह पाठवायचं, निव्वळ वेळ काढायला. १३ आधी आणि १० नंतर हा क्रम पडला तो असा, यंत्राची दमछाक सांभाळता सांभाळता.

पुढे पडदे आले. पडद्यावर मागे धावणारं काहीच नाही. तरी जोडी राहिली, आणि भांडणाला सुरुवात झाली ती इथून.

मल्टिक्स आणि तिच्या मागोमाग आलेली युनिक्स या प्रणालींच्या कर्त्यांचं म्हणणं असं की फाइलमध्ये 'ओळ संपली' एवढं लिहिलं की पुरे, आणि त्याला एक १० बास. ज्या यंत्राला दोन हालचाली लागतात त्याला त्या पुरवणं हे ते यंत्र चालवणाऱ्या ड्रायव्हरचं काम, फाइलनं ते ओझं का वाहावं? मला हे म्हणणं पटतं. पण सीपीएम या जुन्या प्रणालीनं टेलिटाइपची जोडी जशीच्या तशी ठेवली. १९८१ मध्ये डॉसनं तीच उचलली आणि डॉसकडून ती विंडोजकडे आली. मॅकनं तिसरीच वाट धरली होती, फक्त १३. २००१ मध्ये युनिक्सच्या घराण्यातली नवी मॅक प्रणाली आल्यावर तेही १० वर आले. इंटरनेटचे जुने नियम ठरले तेव्हा मात्र जोडीच जिंकली. १९८२ च्या ईमेलच्या नियमांपासून आजतागायत टपालाची प्रत्येक ओळ १३ आणि १० अशीच संपते. बिचाऱ्या टेलिटाइपला जाऊन किती वर्षं झाली!

या मतभेदाचा त्रास साध्या माणसाला व्हायचा तो नोटपॅडमध्ये. लिनक्सवरून (तीही युनिक्सच्याच वळणाची) आलेली फाइल उघडली की सगळा मजकूर एकाच लांबच लांब ओळीत, कारण नोटपॅडला जोडी हवी आणि फाइलमध्ये एकटा १०. १९८५ पासून चालत आलेली ही खोड गेली २०१८ मध्ये. उलट बाजूचे लोक विंडोजची फाइल उघडत, तेव्हा त्यांना कित्येकदा प्रत्येक ओळीच्या टोकाला टोपी घातलेला इंग्रजी एम दिसे. एमच का? तर ते रोमन वर्णमालेतलं तेरावं अक्षर, आणि कंट्रोल दाबून एम दाबलं की १३ उमटतो.

यावर उपाय म्हणून फाइल पाठवणाऱ्या साधनांनीच वाटेत चिन्हं बदलायला सुरुवात केली. एफटीपीनं फाइल पाठवताना 'मजकूर' हा प्रकार निवडला की १० चे १३-१० व्हायचे, किंवा उलट. मजकूर सुखरूप पोचायचा. पण त्याच प्रकारात कुणी फोटो पाठवला की संपलं. फोटोतला १० म्हणजे ओळ नव्हे, एखाद्या ठिपक्याचा रंग असू शकतो. तिथे एक बाइट, म्हणजे फाइलमधला एक आकडा, जादा घुसला की पुढचं सगळं चित्र सरकतं. पीएनजी या चित्रप्रकाराच्या रचनाकारांनी यासाठी सुरेख सापळा लावून ठेवला आहे. त्या फाइलचे पहिले आठ बाइट कायम हेच: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. आत एक जोडी आहे आणि एक सुटा १०. वाटेत कुणी जोडी फोडली किंवा सुट्याला जोडीदार दिला, तर पहिल्या आठांतच चोरी पकडली जाते.

देवनागरीची यातली गोष्ट तर फारच मजेची. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर साठवताना आपण 'युनिकोड' हा पर्याय निवडायचो, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं व्हायची. तो पर्याय म्हणजे यूटीएफ-१६, एका अक्षराला दोन बाइट. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा एक बाइट ९ असतो, आणि सुटा ९ म्हणजे टॅब. आता 'ऊ' बघा. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरयादीत त्याचा क्रमांक २३१४, म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक १०. त्याचे दोन बाइट ९ आणि १०. बाइट मोजत जाणाऱ्या भाबड्या प्रोग्रामला 'ऊ' म्हणजे एक टॅब आणि एक संपलेली ओळ! 'ऊन' लिहा, 'ऊस' लिहा, शब्द सुरू होतानाच ओळ मोडणार. ऊर्ध्वरेषे आडनावाची मंडळी यादीत असली तर बघायलाच नको. १३ च्या तडाख्यात हिंदीतला 'ऍ' सापडतो. मराठीचा 'ॲ' वेगळ्या जागी बसतो म्हणून वाचला.

ही पीडा यूटीएफ-८ नं संपवली. तिच्यात 'ऊ' चे बाइट होतात २२४, १६४, १३८. देवनागरीचा कुठलाच बाइट १२८ च्या खाली येत नाही, त्यामुळे १० किंवा १३ अक्षराच्या पोटात शिरूच शकत नाही. १९९२ मध्ये ही पद्धत आखली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी. हे थॉम्प्सन म्हणजे युनिक्सच्या मूळ कर्त्यांपैकीच एक.

आता आमचे रामबाग नावाचे सभासद. दोष माझा होता. एकाच खान्यात पत्ता तीन ओळींत बसावा म्हणून मी ऑल्ट धरून एन्टर दाबत गेलो होतो. एक्सेल त्या जागी सुटा १० ठेवतं, आणि विंडोजवर सीएसव्ही करताना नोंद जिथे संपते तिथे १३-१० ची जोडी. पत्ता अवतरणचिन्हांत असतो, म्हणजे आतला १० मोजू नका असा इशारा फाइलमध्ये होताच. पण भाचीचा प्रोग्राम दिसेल त्या १० वर कात्री चालवत होता. त्यानं पत्ते फाटले, आणि प्रत्येक जोडीतला १३ एकटा मागे राहून मोबाइल क्रमांकाच्या शेपटीला लटकला. गंमत अशी की तिनं जोडीवर कापलं असतं तर आमचं काम त्या दिवशी निभावलं असतं. पण तिच्या युनिक्सच्या शिस्तीत ते कसं बसणार? तिनं अवतरणचिन्हं ओळखणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग, वापरली. सभासद मूळ संख्येवर आले, मोबाइलचे आकडे दहाचे दहा.

लेबलं छापून आली तेव्हा एका पत्त्याखाली दोन ओळींची मोकळी जागा होती. मूळ खाना उघडून पाहिला. तिथे 'इंदूर'नंतर मी ऑल्ट-एन्टर दोनदा जास्त दाबून ठेवलं होतं.