टो-बारचा टग आणि टो-बारलेस टग: काम एक, हिशेब दोन

मुंबईच्या टर्मिनल 2 वर गेटजवळच्या काचेतून खाली पाहिलं की विमानाच्या नाकापाशी एक बुटकी, रुंद, ठोकळेबाज गाडी उभी दिसते. कधी तिच्यापासून विमानाच्या पुढच्या चाकापर्यंत एक लांब लोखंडी दांडा, म्हणजे टो-बार, गेलेला असतो. कधी दांडा नसतोच, गाडीनेच पुढचं चाक आपल्या पोटात घेतलेलं असतं; हा टो-बारलेस. दोन्हींना सरसकट ‘टग’ म्हणतात आणि दोन्हींचं काम एकच: विमानाला बेमधून, म्हणजे त्याच्या उभं राहण्याच्या जागेतून, मागे ढकलायचं (हा पुशबॅक), नाहीतर रिकामं विमान हँगरपर्यंत ओढत न्यायचं. त्यामुळे दांडा नसलेला टग म्हणजे जुन्याचंच सुधारलेलं मॉडेल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात हे दोन टग डिझाइन करणाऱ्यांच्या कागदावरचे पहिले आकडेच वेगळे असतात.

विमान स्वतःहून मागे का येत नाही, हा प्रश्न इथे हमखास येतो. थ्रस्ट रिव्हर्सरने, म्हणजे इंजिनाचा झोत उलटा पुढे वळवून, काही विमानं मागे सरकू शकतात, पण टर्मिनलच्या तोंडावर तो झोत सोडला तर खडी, धूळ, सामानाच्या गाड्या आणि माणसं सगळ्यांनाच धोका. म्हणून टग.

आधी दांड्याचा टग घेऊ. समजा, पूर्ण भरलेलं एअरबस ए320 आहे, वजन 78 टन. सपाट काँक्रीटवर ते हलतं ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ धरू, म्हणजे दीड टनाहून थोडी जास्त. बेला एक टक्का चढ असला तर आणखी पाऊण टन. पुशबॅक चालू असतानाच इंजिनं सुरू करायची असतील तर ती विमानाला पुढे रेटतात, तेवढा रेटाही टगलाच मोडून काढायचा. सगळं मिळून ढोबळ तीन टन म्हणू. आता ही तीन टनांची ओढ येणार कुठून? इंजिन कितीही ताकदीचं बसवा, टायर जागच्या जागी फिरले तर काही उपयोग नाही. ओढ येते ती टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीतून, आणि पकड येते चाकांवरच्या वजनातून. हिशेबाला कोरड्या काँक्रीटवर पकडीचा गुणांक 0.8 धरतात, ओल्यावर 0.57, दाबून घट्ट झालेल्या हिमावर 0.2 आणि गोठलेल्या बर्फावर 0.05. टगची सगळी चाकं ओढणारी आहेत असं धरलं तरी त्याच तीन टनांसाठी कोरड्यात पावणेचार टनांचा टग पुरतो, पावसात सव्वापाच टनांचा लागतो, घट्ट हिमावर पंधरा टनांचा आणि बर्फावर चक्क साठ टनांचा.

मुंबईला बर्फाची चिंता नाही, पण जून ते सप्टेंबर ओल्या काँक्रीटचाच आकडा धरावा लागतो. त्यात एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसबंद जागेवर, कुठे तेल, कुठे हायड्रॉलिक द्रव सांडलेला. शिवाय थांबलेलं विमान हलवताना पहिल्या क्षणी लागणारी ओढ चालत्या विमानापेक्षा जास्त. म्हणून प्रत्यक्षातले टग या हिशेबाच्या कितीतरी वर असतात. 351 टनांच्या बोइंग 777-300ईआरसारख्या विमानांना ढकलायला बनवलेले टग पन्नास टनांच्या पलीकडेही जातात. ती बुटकी गाडी इतकी ठोकळेबाज दिसते ती त्यामुळेच. तिची चौकट जाड पोलादी प्लेटांची असते, आणि एकाच मॉडेलमध्ये कमी-जास्त बॅलास्ट (मुद्दाम घातलेलं वजन) टाकून वेगवेगळ्या वजनाचे टग विकले जातात. रस्त्यावरच्या गाडीचा डिझायनर एकेक किलो वाचवायला झटतो, इथे टनाटनाने वजन मुद्दाम घातलं जातं. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या वजनाचं जे रडगाणं असतं, ते या टगच्या बाबतीत लागूच होत नाही. बॅटरी हाच बॅलास्ट. विमानतळावरच्या वाहनांचं विद्युतीकरण इथून सुरू करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

दांडा नसलेल्या टगने हा वजनाचा प्रश्नच उलटा केला. त्याला मागच्या बाजूने इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खाच असते. ती पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी घेते, पट्टा किंवा जबडा चाकांना आत ओढतो, पाळणा चाकं उचलून जमिनीपासून थोडी वर धरतो. विमानाच्या एकूण वजनातला साधारण 5 ते 15 टक्के भाग पुढच्या चाकांवर असतो. विमानाचा तोल कुठे आहे त्यावर तो आकडा हलतो. आता तो भार टगच्या चाकांवर आला. 78 टनांच्या विमानाचे नुसते दहा टक्के धरले तरी जवळजवळ आठ टन झाले. म्हणजे जेवढं जड विमान ओढायचं, तेवढी जास्त पकड ते विमान स्वतःच आणून देतं. टग हलका ठेवता येतो, आणि विमान सोडून रिकामा परतताना तो निरर्थक वजनही वागवत नाही.

पण उसन्या वजनाला अटी असतात. विमानात सामान असं भरलं की ते शेपटीकडे जड झालं, तर पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि त्याबरोबर टगची पकडही. पाळणा, हायड्रॉलिक सिलिंडर, मागचे टायर या सगळ्यांना तो भार पेलायचा असतो, तोही गाडी विमानाच्या पोटाखाली जाईल इतकी बुटकी ठेवून. आणि एकाच टगने छोटं ए320 आणि मोठं 777 दोन्ही घ्यायचं तर जबड्याला वेगवेगळ्या व्यासाची चाकं धरता आली पाहिजेत. दांड्याच्या टगला यातलं काही करावं लागत नाही. तिथे विमान बदललं की दांडा बदलायचा. प्रत्येक जातीच्या विमानाचा दांडा वेगळा, निदान त्याचं डोकं तरी.

चालवण्यातला फरक गावाकडच्या माणसाला चटकन कळेल. ऊस वाहणारी चारचाकी ट्रॉली ट्रॅक्टरने मागे घेताना पाहिली असेल: एक सांधा ट्रॅक्टर आणि दांड्याच्या मध्ये, दुसरा ट्रॉलीच्या पुढच्या आसाखाली. मागे रेटताना दोन्ही सांधे आपापल्या दिशेने वाकायला बघतात आणि कसलेला चालकही दोनदा पुढे-मागे करतो. दांड्याचा पुशबॅक नेमका तसाच आहे: एक सांधा टगच्या हुकाशी, दुसरा विमानाच्या वळणाऱ्या पुढच्या चाकाशी. टो-बारलेसमध्ये दांडाच गेला, म्हणून एक सांधा गेला. टग आणि पुढचं चाक एकच तुकडा होतात, वळतो फक्त एक कोन. शिकायला सोपं, अरुंद बेमध्ये नेमकं, आणि लांबवर ओढत नेताना दांड्याची डुगडुग नाही. काही टो-बारलेस टग विमान घेऊन ताशी 30 किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतात. टर्मिनलपासून दूर, धावपट्टीच्या पलीकडच्या हँगरपर्यंत विमान न्यायचं असेल तेव्हा हा वेग मोठा असतो, कारण टग टॅक्सीवेवर, म्हणजे विमानांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर, असेपर्यंत बाकीची वाहतूक खोळंबते.

इथवर टो-बारलेस सगळीकडे सरस वाटेल. खरी मेख पुढे आहे, आणि तीच माझ्या मते या दोघांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे.

दांड्याच्या डोक्यात शिअर पिना असतात. एक ओढण्या-ढकलण्याच्या जोरासाठी, एक पिळण्याच्या जोरासाठी. चालकाने जोरात ब्रेक मारला, धक्का दिला किंवा मर्यादेपलीकडे वळवलं, तर विमानाचा पाय, म्हणजे लँडिंग गिअर, वाकण्याआधी ही पिन तुटते. दांडा सुटतो, पुशबॅक थांबतो, थोडी शिवीगाळ होते, नवी पिन बसवली जाते. काही रुपयांची पिन कोट्यवधींच्या लँडिंग गिअरसाठी जीव देते. अट एकच: तुटलेल्या पिनेच्या जागी उत्पादकाने सांगितलेलीच पिन हवी. हाताला लागला म्हणून कडक पोलादाचा बोल्ट ठोकला, की पुढच्या वेळी तुटेल ते विमान.

टो-बारलेसमध्ये ही पिन नाही. चाकच जबड्यात आहे, मध्ये तुटायला काही उरलेलंच नाही. टगचा प्रत्येक धक्का, प्रत्येक पीळ थेट विमानाच्या पायात जातो. म्हणून पिनेचं काम टगच्या मेंदूला करावं लागतं. चालक आधी पॅनेलवर विमानाचा प्रकार निवडतो. त्यानुसार टग आपली ओढ, आपला ब्रेक, आपला वेग मर्यादेत ठेवतो. सेन्सर पीळ आणि वळणाचा कोन मोजतात, मर्यादा जवळ आली की भोंगा वाजतो. मर्यादा ओलांडली असेल तर ते विमान तपासणीशिवाय उडवायचं नाही. या कारणाने विमान बनवणारे कुठला टो-बारलेस टग आपल्या कुठल्या विमानाला चालतो हे टगनिहाय तपासून सांगतात. कुठलाही टग, कुठलंही विमान, असं इथे चालत नाही. आणि कुणी चुकून पॅनेलवर वेगळाच प्रकार निवडला, तर? तुटणारी पिन अशी चूक करू शकत नाही. ती मुकी असते, हेच तिचं बळ. सॉफ्टवेअरवर माझा राग नाही, पण डिझायनरने हा फरक कधी विसरू नये.

ब्रेकचंही तसंच. ओढत नेताना कॉकपिटमध्ये एक माणूस ब्रेकसाठी बसलेला असतो. बसण्यापूर्वी तो ब्रेकच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, दाब आहे का हे पाहतो, कारण इंजिनं बंद असतात. दांडा तुटला किंवा सुटला तर मोकळं विमान थांबवणारा तो एकटाच. टो-बारलेसवर मात्र त्याने घाबरून पॅडल दाबलं तर मागे विमान थांबतं, पुढे टग ओढत राहतो आणि मधला पाय ताणला जातो. त्यामुळे तिथे खालून हेडसेटवर सांगितल्याशिवाय पॅडलला पाय लावायचा नाही, असं बजावलेलं असतं.

एक गोष्ट दोन्हींत सारखी. पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगला विमानाचा हायड्रॉलिक दाब असतो. तो तसाच राहिला आणि टगने चाक वळवायला घेतलं, तर दोन ताकदी एकमेकींशी भांडतील. म्हणून आधी नोज गिअरवर, म्हणजे विमानाच्या पुढच्या पायावर, बायपास पिन घालतात, लाल फीत लावलेली. पुशबॅक झाल्यावर हेडसेटवाला ती काढतो, बाजूला जातो आणि फीत हवेत धरून पायलटला दाखवतो. खिडकीत बसलेल्यांना तो हात हलवतोय असं वाटतं. खरं तर तो सांगत असतो की पिन माझ्या हातात आहे, आता स्टिअरिंग तुमचं.

हा सुटण्याचा क्षण सगळ्यात धोक्याचा. इंजिनं सुरू, माणूस नाकाखाली, पायलटला तो दिसत नाही. 16 डिसेंबर 2015 ला मुंबईतच पुशबॅकनंतर विमान टॅक्सीला, म्हणजे जमिनीवरून चालत धावपट्टीकडे, निघालं आणि नाकाजवळ उभा असलेला तंत्रज्ञ इंजिनात खेचला गेला. दांडा सोडवायला माणसाला चाकापाशी वाकावं लागतं. टो-बारलेसचा चालक केबिनमधूनच चाक सोडतो. खाली घालवायचा वेळ कमी होतो, पण संपत नाही. बायपास पिन काढायला कुणीतरी तिथे असतंच.

टो-बारलेसची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ओरेगनमधल्या लेक्ट्रो या कंपनीने मिंक (फरसाठी पाळला जाणारा छोटा प्राणी) पाळणाऱ्यांच्या फार्मवर खाद्य वाटायची विजेची गाडी बनवली होती. 1967 मध्ये तिच्यातूनच त्यांचा छोटा विमान टग आला. आता लंडनच्या हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजची ए320 विमानं जमिनीवर उभा माणूस रिमोटने मागे ढकलतो, मोटोटोक या जर्मन कंपनीच्या विजेच्या टगने.

याच घराण्यात टॅक्सीबॉट येतो, आणि त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. दिसायला तो मोठा टो-बारलेस टग, पण पुशबॅकनंतर थांबत नाही. विमानाला धावपट्टीच्या जवळपर्यंत नेतो, विमानाची इंजिनं बंद ठेवून. ही कल्पना आधीही आली होती. 2006 च्या सुमारास व्हर्जिन अटलांटिकने साध्या टगने बोइंग 747 धावपट्टीपर्यंत ओढून पाहायचं ठरवलं, पण नोज गिअर रोज इतका भार झेलायला बनवलेलाच नाही, या आक्षेपावर ते बारगळलं. इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीजच्या टॅक्सीबॉटने तो आक्षेप डिझाइनमध्येच सोडवला. त्यात चाक एका फिरत्या तबकात बसतं. पायलट नेहमीसारखं स्टिअरिंग फिरवतो, तबक त्याची खूण घेतं आणि टग त्याप्रमाणे वळतो. थांबायला विमानाचेच मागचे ब्रेक. 15 ऑक्टोबर 2019 ला एअर इंडियाचं ए320 प्रवाशांसकट दिल्लीत असं धावपट्टीकडे नेलं गेलं आणि तिथून मुंबईला आलं.

एका एअरलाइनकडे एकाच जातीची विमानं असतील तर तिला टो-बारलेसची घाई नसते: एक दांडा सगळ्यांना चालतो, टग स्वस्त, दुरुस्ती सोपी. ज्या ग्राउंड हँडलिंग कंपनीला दिवसभरात ए320, 737, 777, ए330 असं सगळं हाताळायचं असतं, तिला दांड्यांचा ताफा सांभाळत बसण्यापेक्षा महाग टो-बारलेस परवडतो. तिथेही एखादा जुना, जड, दांड्याचा टग बाजूला ठेवलेला असतो. एखादं नवं विमान आलं आणि त्याच्यासाठी आपल्या टो-बारलेसची मान्यता अजून आली नसेल, तर त्या दिवशी तोच बाहेर काढतात.