341, 284 आणि 214

आमच्या दारव्ह्यात पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत जगातल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल लागतो. मध्यंतरी तिथे गांजाच्या एका खटल्याची चर्चा चालली होती. सीए रिपोर्टला (पकडलेल्या मालाच्या रासायनिक तपासणीच्या अहवालाला) इतका वेळ का लागतो, असे कुणीतरी विचारताच एक तरुण म्हणाला, "मशीनीत टाकलं का नाव निंगते ना सर, त्यात काय एवढं?" आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे वाक्य पचणे कठीण आहे, कारण मशीनमधून निघतात ते आकडे, नाव त्यांच्यावरून ठरवावे लागते, आणि नव्या कृत्रिम कॅनाबिनॉइडांच्या (गांजासारखी नशा देणाऱ्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या रसायनांच्या) बाबतीत तर ते अक्षरशः उलगडावे लागते.

खरा गांजा ओळखणे त्या मानाने सोपे असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पानावर अस्वलाच्या नखांसारखे वाकडे केस दिसतात. त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे आम्लाचा थेंब पडताच बुडबुडे येतात. व्हॅनिलिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून केल्या जाणाऱ्या द्यूकेन्वा-लेव्हीन चाचणीत जांभळा रंग येऊन तो क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो. कृत्रिम कॅनाबिनॉइड इथेच चकवतात. त्यांतल्या बहुतेकांची रचना गांजातल्या टीएचसीपेक्षा (नशा आणणाऱ्या मुख्य घटकापेक्षा) अगदी वेगळी असते; साम्य एवढेच, की मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या सीबी-1 ग्राहीला (रिसेप्टरला) टीएचसी चिकटतो, त्यालाच हेही चिकटतात. टीएचसी त्या ग्राहीला अर्धवटच चालना देतो, यांतले अनेक पुरती देतात, आणि धोका तिथेच आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांनी संशोधनासाठी घडवलेला जेडब्ल्यूएच-018 हा असाच एक रेणू 2008 साली जर्मनीत 'स्पाइस' नावाच्या, धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या पाल्यात सापडला. असे रसायन द्रावकात विरघळवून कुठल्याही वाळल्या पाल्यावर फवारतात. साहजिकच त्या पाल्यावर ते केस नसतात आणि जांभळा रंगही येत नाही.

मग पाला मिथेनॉलमध्ये भिजवून तो अर्क जीसी-एमएस (वायू क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान-वर्णपटमापन) या यंत्रात सोडतात. यंत्राच्या पहिल्या भागात, म्हणजे जीसीत, मिश्रणातले पदार्थ एकमेकांपासून सुटे होतात. दुसऱ्या भागात त्यांच्यावर 70 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होऊन रेणू फुटतात. पण ते कसेही फुटत नाहीत. तुरीची वाळलेली शेंग आपटली की ती शिवणीवरच उकलते, तसे रेणूचेही आहे. जेडब्ल्यूएच-018 मध्ये मधोमध इंडोलचे जोडवलय आहे, एका बाजूला कार्बोनिलच्या पुलाने जोडलेले नॅप्थलीन (आपल्या डांबरगोळ्यांतले) आहे, आणि इंडोलच्या नायट्रोजनला पाच कार्बनांचे शेपूट लटकलेले आहे. रेणुभार 341. शेपटातला नायट्रोजनलगतचा पहिला कार्बन जागेवर राहून पुढचे चार तुटले, की 57 वजा होऊन 284 चा तुकडा दिसतो. नॅप्थलीन तुटले, की 127 वजा होऊन 214 उरतात, आणि 127 चा तुकडा स्वतंत्रपणेही दिसतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. नव्या पुडीतल्या पदार्थाचा रेणुभार 355 आला, म्हणजे 14 ने जास्त. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढलेले आहेत, पण कुठे? 127 कायम असून 214 चे 228 झाले असतील, तर वाढ नॅप्थलीनमध्ये नाही. त्याच वेळी 284 जागचे हलले नसेल, तर शेपूटच एका कार्बनाने लांबले आहे, कारण आता तुटून जाणारा भाग 57 ऐवजी 71 चा आहे. हा जेडब्ल्यूएच-019. याउलट 214 कायम, पण 127 चे 141 आणि 284 चे 298 झाले असतील, तर वाढ नॅप्थलीनवर आहे. तो जेडब्ल्यूएच-122 असू शकतो. दोघांचा रेणुभार एकच, शिवणीही त्याच, पण तुकड्यांची वजने वेगळी! हे गणित मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर मांडले आणि दर वेळी तितकाच रमलो.

'असू शकतो' असे मी जाणूनबुजून लिहिले. नॅप्थलीनवर मिथाइल गट बसायला अनेक जागा आहेत आणि कुठेही बसला तरी वजनाचे आकडे जवळपास तेच येतात. तिथे एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) ही तपासणी लागते, ज्यात प्रत्येक हायड्रोजन आपल्या शेजाऱ्यांची खबर देतो. आणि न्यायालयात टिकेल अशी खात्री हवी तर प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहावे लागते. बाजारात कालच आलेल्या रेणूचा नमुना प्रयोगशाळेत असेलच असे नाही. चीनने 1 जुलै 2021 पासून या रसायनांच्या सबंध वर्गांवर बंदी घातल्यावर त्या व्याख्येत न बसणाऱ्या नव्या सांगाड्यांचे रेणू बाजारात आले.

असे काही ओढून एखादा पोरगा झटके देऊ लागला किंवा असंबद्ध बडबडू लागला, की आपल्याकडे त्याला 'बाहेरचं लागलं' म्हणून उतारा काढणारे अजूनही आहेत. त्यात गेलेले तास दुहेरी नुकसान करतात: उपचार लांबतात आणि रक्तातला मूळ रेणूही नाहीसा होत जातो. लघवीत तर तो क्वचितच सापडतो. सापडतात ती यकृताने ऑक्सिजन जोडलेली, 16 ने जड झालेली त्याची रूपे.

यंत्राचाही एक खोडसाळपणा सांगण्यासारखा आहे. यूआर-144 या रेणूत तीन कार्बनांचे ताणलेले वलय असते. जीसीच्या तापलेल्या तोंडाशी ते उघडते, रेणुभार 311 च राहतो आणि पुडीत अत्यल्प असलेला किंवा मुळीच नसलेला पदार्थ आलेखावर उंच उभा राहतो. म्हणून तोच अर्क न तापवता, द्रव क्रोमॅटोग्राफीनेही तपासून पाहावा लागतो. मात्र चिलीम पेटवली की हेच वलय तिथेही उघडते, त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्ताच्या नमुन्यात हा उघडलेला रेणू दिसला, तर त्याचा दोष यंत्रावरच ढकलता येत नाही.