केस कापून ॲलर्जी जात नाही

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत दर पावसाळ्यात कुणी ना कुणी आपल्या कुत्र्याचे केस अगदी कातडीपर्यंत उतरवून आणतं. "केसांमुळेच शिंका येतात ना, मग केसच नकोत." ही समजूत वर्षानुवर्षं चालत आलीय, आणि ती चुकीची आहे.

ॲलर्जी केसांची नसते. ती असते प्राण्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांची. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. सकाळी खिडकीतून ऊन आत आलं की सोफ्यावर एक थाप मारून बघा, काय काय उडतं ते. मांजराचं 'फेल डी १' हे प्रथिन तर मांजर घरातून गेल्यावरही काही महिने गाद्या-पडद्यांत टिकतं. भादरलेल्या कुत्र्याची कातडी मात्र उन्हात भाजते. त्या मुक्या जिवाला शिक्षा कशाची?

उपयोग होतो तो बेडरूममध्ये प्राण्याला येऊ न देण्याचा. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं फिरवा. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. त्याने धुळीतले सूक्ष्म किडेही मरतात. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हे किडे आणि भिंतीवरची बुरशी फोफावते, आणि पावसाळ्यातल्या कित्येक शिंकांचं खापर उगाच मांजरावर फुटतं.

छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते शोधायला त्वचेची चाचणी असते.